पल्ला वाढवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तिशी जवळ आली, तेव्हा आता १५०० मीटर सोडून मॅरेथॉनकडे वळावे, असे प्रशिक्षकांनी सुचवल्याचे तू लिहिले आहेस आणि माझे मत विचारले आहेस. सल्ला वावगा नाही. अनेक धावपटूंची कारकीर्द त्याच वाटेने जाते. मात्र पल्ला वाढवायचा म्हणजे वेगाचा सराव गुंडाळून ठेवायचा, असे जे गृहीत धरले जाते, ते मला मुळीच पटत नाही. नेदरलँड्सची धावपटू सिफान हसन हिची कारकीर्द नीट पाहिलीस, तर तुलाही ते पटणार नाही.

इथिओपियात जन्मलेली हसन २००८ मध्ये निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये आली. २०१९ मध्ये तिने मोनॅकोत एक मैल ४ मिनिटे १२.३३ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत १५०० व १०,००० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. या दोन शर्यतींची मागणी किती वेगळी असते, हे तुला सांगायला नको. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या प्राथमिक शर्यतीत अखेरची फेरी सुरू होताना ती पडली, उठली आणि सगळ्यांना मागे टाकून पहिली आली. त्याच संध्याकाळी तिने ५००० मीटरचे सुवर्ण घेतले. एका ऑलिंपिकमध्ये तीन शर्यती धावण्याचा तो हट्ट मला आजही अविचारी वाटतो, पण तिन्हींत पदक मिळाल्यावर आपण काय बोलणार!

तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर २०२४ च्या पॅरिसमध्ये आहे. ५००० आणि १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवल्यानंतर, दुसरी शर्यत संपून दोन दिवसही झाले नसताना, ती मॅरेथॉनला उभी राहिली. शेवटी तिच्यासोबत उरली ती इथिओपियाची तिगिस्त असेफा, जी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावली होती. म्हणजे ४२ किलोमीटरनंतर सुवर्णासाठी झुंजणाऱ्या दोघीही मध्यम पल्ल्याच्या शर्यतींतून आलेल्या. एका वळणावर दोघींचे खांदे एकमेकींवर आदळले, हसन निसटून पुढे गेली आणि २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत, केवळ ३ सेकंदांच्या फरकाने जिंकली.

जरा हिशेब कर. त्या दिवशी तिची सरासरी किलोमीटरला साधारण ३ मिनिटे २३ सेकंद होती, तर तिच्या विक्रमी मैलाची २ मिनिटे ३७ सेकंद. ज्याच्या पायांत एवढा वेग शिल्लक असतो, त्याला मॅरेथॉनची गती तुलनेने सैल वाटते आणि शर्यत अखेरच्या काही मीटरवर आली, तरी तो हवालदिल होत नाही.

याचा अर्थ लांब पल्ल्याची तयारी टाळता येते असा नव्हे. २०२३ मध्ये लंडनला पहिलीच मॅरेथॉन धावताना हसनला कंबर मोकळी करण्यासाठी वाटेत थांबावे लागले होते. ती जिंकली खरी, पण तसे थांबून आघाडी गाठणे तुला किंवा मला जमणारे नाही. म्हणून आठवड्यातली लांब धाव हळूहळू वाढव, मात्र २०० आणि ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्यांचा एक दिवस राखून ठेव. त्यावर प्रशिक्षक काय म्हणतात ते विचार, आणि नवे वेळापत्रक ठरले की मला पाठव.

तुझा स्नेहांकित,
तुझा जुना सोबती