“अजून अभ्यास कर” म्हणजे नेमकं काय, हे सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुमच्या हाती देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही माझ्या लेकीला अभ्यास कसा करायचा ते शिकवलंत. विषय शिकवणारे शिक्षक तिला भेटले होते, आणि चांगले भेटले होते. पण शिकवलेलं लक्षात कसं ठेवायचं, हे तिला कुणी वेगळं काढून सांगितलं नव्हतं. ते कुठल्याच तासाला नेमलेलं नसतं. मुलं ते आपोआप शिकतात असं सगळे धरून चालतात आणि चाचणीत मार्क कमी पडले की “अजून अभ्यास कर” एवढंच सांगतात. अजून म्हणजे काय, ते तुम्ही सांगितलंत.

तिची तक्रार होती, “घरी सगळं येतं, पेपर हातात आला की आठवत नाही.” तुम्ही तिला नुसता धीर देऊन परत पाठवलं नाहीत. “घरी येतं हे तुला कशावरून कळतं?” असं विचारलंत. वाचताना सगळं समजतं, ती म्हणाली. मग तुम्ही पुस्तक मिटायला लावलंत, समोर कोरा कागद ठेवलात आणि पचनसंस्थेच्या धड्यातलं आठवेल ते लिही म्हणालात. जठर, लहान आतडं, मोठं आतडं ही नावं भराभर उतरली. कशाचं पचन कुठे होतं, पित्तरस कुठे तयार होतो, तिथे मात्र हात थांबला. त्या रिकाम्या जागांवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, “आजचा अभ्यास एवढाच. बाकीचं तुला येतं.”

हे वाक्य तिने घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. अख्खा धडा पहिल्यापासून वाचायचं दडपण गेलं होतं. थोड्याच ओळी शोधायच्या होत्या, आणि कुठल्या ते तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून तिची रीत ठरून गेली आहे. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते निळ्या शाईने लिहायचं, आकृतीसुद्धा न बघता काढायची. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल शाईने भरायचं. दुसऱ्या दिवशी बसलं की आधी लाल शाईतलं. तुम्ही घातलेली एक अट तिला फार जड गेली: आठवलं नाही तरी लगेच पुस्तक उघडायचं नाही, थोडा वेळ अडून बसायचं, निदान अंदाजाने काहीतरी लिहायचं. तेवढ्या वेळात दोन पानं वाचून झाली असती, असं तिला वाटायचं. आठवायला जोर लावावा लागतो तेव्हाच ते पक्कं होतं, हे तुम्ही तिला पटवलंत, आणि त्यासाठी चक्क एक प्रयोग समजावून सांगितलात.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा तो २००६ सालचा प्रयोग मी आता भेटेल त्या पालकाला सांगते. विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा पुन्हा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं, तर पुन्हा वाचलेल्यातलं सरासरी ८१ टक्के आठवलं आणि लिहून काढलेल्यातलं ७५ टक्के. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, लिहून काढलेल्यातलं ५६. या आकड्यांतला पहिला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाठ वाचून पुस्तक ठेवणाऱ्या मुलाला त्या घटकेला खरोखरच सगळं येत असतं. “मला येतं” म्हणताना ते खोटं बोलत नसतं. फक्त पेपर पाच मिनिटांनी नसतो. हे ज्या पालकांना कळेल, ते मुलांवर निष्काळजीपणाचा आरोप करायच्या आधी थांबतील.

विसरण्याबद्दलही तुम्ही तिच्या मनातली लाज काढलीत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि ठराविक काळाने पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते मोजायचा. एका दिवसाने जेमतेम एक तृतीयांश कष्ट वाचत, महिन्याने साधारण एक पंचमांश. म्हणजे सर्वांत मोठी गळती पहिल्याच दिवशी होते, आणि ती मोठमोठ्या अभ्यासकांचीही होते. अर्थ समजून शिकलेलं यापेक्षा जास्त टिकतं, हेही तुम्ही सांगायला विसरला नाहीत. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. एकाच रविवारी तीन तास बसण्यापेक्षा तेच तीन तास दोन आठवड्यांत वाटून घेतले तर जास्त उरतं. वेळ तेवढाच लागतो, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मुलांकडे वेळ मुळात थोडा असतो.

व्याख्या, सनावळ्या, शब्दार्थ यांसाठी तुम्ही तिला सेबास्टियन लाइटनर या विज्ञानलेखकाने १९७२ साली मांडलेली खोक्याची युक्ती दिलीत. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे हळूहळू विरळ. यात न येणारं आपोआप जास्त वेळा समोर येतं. आपल्याला आवडतं तेच पुन्हा पुन्हा वाचायची सवय त्यामुळे मोडते. हायलायटर तिने आपणहून बाजूला ठेवला.

गणिताची गोष्ट थोडी वेगळी होती. सरावसंचातली सगळी गणितं सुटायची आणि चाचणीत अडायचं. तुम्ही विज्ञान शिकवता, तरी तिची वही मागून घेतलीत आणि दोन मिनिटांत कारण सांगितलंत. सरावसंचात एकाच जातीची गणितं ओळीने येतात. कोणती रीत वापरायची हे प्रकरणाच्या नावावरूनच कळलेलं असतं. पेपरात ते कुणी सांगत नाही. रीत ओळखायचा सराव तिने कधी केलेलाच नव्हता. आता ती वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून सोडवते. आधी जास्त चुकली. तुम्ही तसं होणार हे आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून घाबरली नाही.

तपासलेल्या पेपरचं काय करायचं, हेही तुमच्याकडूनच कळलं. मार्क बघून पेपर दप्तरात जायचा, तो आता टेबलावर उघडला जातो. प्रत्येक चुकीपुढे ती लिहिते: माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोड चुकली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला कोरा कागद. दुसऱ्याला प्रश्नातल्या “कारण द्या”, “फरक स्पष्ट करा” अशा शब्दांखाली रेघ. तिसऱ्याला शेवटी राखून ठेवलेली दहा मिनिटं.

आणि झोप! चाचणीच्या आदल्या रात्री जागू नकोस, हे आम्ही आईवडील सांगतो तेव्हा ती काळजी वाटते. तुम्ही सांगितलंत तेव्हा तो अभ्यासाचा भाग झाला. झोपेत मेंदू दिवसभरातलं शिकलेलं पक्कं करतो आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असं तुम्ही वर्गात फळ्यावर लिहिलंत. आमच्याकडे आता अभ्यास संपायची वेळही ठरलेली आहे, आणि फोन त्या वेळात दुसऱ्या खोलीत असतो.

मार्क वाढले, त्याचा आनंद आहेच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की तिची भीती ओसरली. रोज स्वतःच स्वतःची छोटी परीक्षा घेणाऱ्या मुलीला शाळेच्या चाचणीत नवीन काही उरत नाही. काय येतं आणि काय कच्चं आहे, हे तिला पेपरच्या आधी माहीत असतं. शाळेचं वर्ष संपलं तरी हे तिच्याजवळ राहील. बाई, एवढं देणाऱ्या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

तुमचं काम वर्गापुरतं होतं. तास संपल्यावर थांबून एका मुलीच्या वहीतल्या चुका बघायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही थांबलात. त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

एक विनंती आहे. तुम्ही तिला लिहून दिलेल्या सूचनांचा कागद तिच्या मैत्रिणींचे पालक मागत आहेत. तुमची हरकत नसेल तर त्याच्या प्रती काढून वाटेन. आणि पुढच्या पालकसभेत पंधरा मिनिटं मिळाली तर ही कोऱ्या कागदाची रीत तुम्हीच सगळ्यांना करून दाखवा. बाकीची व्यवस्था मी बघते.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई