केसरबाईंच्या तबकडीवरील आणखी सात जण

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ साली अवकाशात गेलेल्या, पृथ्वीवरचे संगीत साठवलेल्या सोनेरी तबकडीवरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. केसरबाई केरकरांनी गायिलेल्या भैरवीतील ‘जात कहाँ हो’विषयी त्यात आत्मीयतेने लिहिले आहे, ते योग्यच झाले; मात्र त्याच तबकडीवरील ‘मेलन्कली ब्लूज’ या अमेरिकी जॅझ रचनेची बोळवण ‘लुई आर्मस्ट्राँग यांचे ट्रम्पेट’ एवढ्यावर झाली, हे खटकले. त्या ध्वनिमुद्रणात आर्मस्ट्राँग ट्रम्पेट नव्हे, तर त्याचेच आटोपशीर भावंड असलेले कॉर्नेट वाजवतात आणि मुळात ते एकट्याचे वादनच नाही.

११ मे १९२७ रोजी शिकागोत ‘हॉट सेव्हन’ या सात जणांच्या संचाने ही रचना मुद्रित केली. क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ड्रमवर त्यांचे धाकटे बंधू बेबी डॉड्स, पियानोवर आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी लिल हार्डिन, बँजोवर जॉनी सेंट सिर, ट्यूबावर पीट ब्रिग्ज आणि जोडीला ट्रॉम्बोन. ध्वनिमुद्रणासाठी भोंग्यासमोर वाजवण्याचे दिवस सरून मायक्रोफोन आला, म्हणूनच ड्रम आणि ट्यूबा अशी दणदणीत वाद्ये तबकडीवर नीट उतरू लागली होती.

न्यू ऑर्लिन्स शहरातील जॅझच्या या पद्धतीत कॉर्नेट मूळ चाल धरून ठेवते, क्लॅरिनेट वरच्या स्वरांत तिच्याभोवती वेलबुट्टी काढते, ट्रॉम्बोन खालून मींडेसारख्या सरकत्या स्वरांनी मधल्या जागा भरतो आणि हे तिघेही एकाच वेळी उत्स्फूर्तपणे वाजवत असतात. गायक पुढे आणि संगत मागे, अशी सवय असलेल्या आपल्या कानांना प्रथम तो गलबला वाटतो (मलाही वाटला होता). परंतु एकदा केवळ क्लॅरिनेटचाच माग काढत ऐकल्यास, एकमेकांच्या वाटेत न येता चाललेला तो संवाद स्पष्ट होतो.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. ख्यालाचा ऐसपैस विस्तार करणाऱ्या केसरबाईंनाही ते बंधन होते आणि या सात जणांनाही. त्यामुळे दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकण्यात वेगळीच गंमत आहे. लेखाची पुढील आवृत्ती निघाल्यास कॉर्नेटची दुरुस्ती करावी आणि उरलेल्या वादकांनाही निदान एका ओळीची जागा द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
डोंबिवली