तू ऑइल टाकलं होतंस

कोल्हापूर, रविवार रात्र

दिल्या,

दिवाळीपासून तुझे दोन फोन आले आणि मी दोन्ही वेळा मोबाइल उलटा करून ठेवला. तू म्हणाला असशील, गेला विज्या, मोठा झाला. तसं नाही रे. फोनवर बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. आधी बाकीचं उरकतो: आईचं बीपी गोळीवर आहे, माझी शुगर काठावर, घरी सगळे ठीक. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

आता मुद्दा. डिसेंबर 1995. गोव्याहून परत येताना घाटात आपली यामाहा आरएक्स 100 सीझ झाली, म्हणजे पिस्टन जाम होऊन इंजिन जागीच थांबलं, आणि मी तुलाच दोष दिला, की तू पेट्रोलमध्ये ऑइल टाकलंच नाहीस. सावंतवाडीच्या पंपावर तू ऑइल टाकलं होतंस. मला आता पुराव्यासकट माहीत आहे.

वाचून खुर्चीत मागे रेलू नकोस, पूर्ण ऐक.

सईला गाडी चालवायचीय. आपली. अंगणातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पंचवीस वर्षं पडलेली. मी म्हटलं, बाई, आरएक्स 100 कंपनीने 1996 लाच बंद केली, सुटे भाग शोधता शोधता तुझं लग्न होईल. ती म्हणाली, बाबा, इंस्टावर लोक त्या लाखालाखाला विकतायत, तुम्ही कोंबड्यांना बसायला दिलीय. कोंबड्यांचं खरं होतं. टाकीवर अजून खुणा आहेत.

टाकी धुतली, कार्बोरेटर उकळून साफ केला, नवीन प्लग. तेराव्या किकला सुरू झाली आणि तोच जुना रोग. रेस चढली ती उतरेचना. तुला आठवतं ना, सीझ झाल्यावर सिलिंडरला बोअर मारून, म्हणजे आतून घासून मोठा करून आणली त्यानंतर ती कधी धड चाललीच नाही? सिग्नलला थांबलो की बोंबलायची. आपण दोन वर्षं कार्बोरेटरच्या मागे लागलो होतो. जेट बदलले, सुई वर-खाली केली, शेवटी नशिबाला दोष दिला. तू एकदा म्हणालास, ‘विज्या, ही कुठून तरी हवा खातेय.’ मी म्हणालो, ‘तू ऑइल खाल्लंस, ती हवा खातेय.’ सगळे हसले होते. वाक्य चांगलं होतं, अजूनही चांगलं वाटतं, तीच तर अडचण आहे.

या वेळी मी सरळ उद्यमनगरात गेलो. तिथला एक लेथवाला म्हणाला, साहेब, अंदाजाने काही उघडू नका, आधी दाब देऊन बघा. सायलेन्सरच्या तोंडाला रबर लावून बंद करायचं, कार्बोरेटरच्या जागी बूच, त्यातून नळी, आणि इंजिनमध्ये हवा भरायची. किती? तर पाच-सहा पीएसआय, जास्त नाही. पंप कुठला? आईचं बीपीचं मशीन! फुगा, नळी आणि काटा, सगळं एकत्र. काटा तीनशेपर्यंत जातो, तो म्हणजे सहा पीएसआयच्या जवळपास. मी अडीचशेवर थांबलो. आई खाटेवरून म्हणाली, ‘माझं एकशे साठ झालं तर घर डोक्यावर घेतोस, हिचं अडीचशे झालं तरी चालतंय?’

चाललं नाही. वीस सेकंदांत काटा शून्यावर. साबणाचं पाणी शिंपडलं, हेडला काही नाही, सिलिंडरच्या बुडाशी काही नाही, आणि डावीकडे मॅग्नेटच्या मागून असे बुडबुडे, जणू आत कुणी हुक्का ओढतंय.

डाव्या बाजूचं ऑइल सील, क्रँकच्या शाफ्टभोवती बसणारी रबराची चकती. गोव्याला निघायच्या आदल्या रात्री, तू 2टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल आणायला गेला होतास तेव्हा, मी एकट्याने बसवलेलं. मेकॅनिकने सकाळी ये म्हटलं होतं आणि आपल्याला पाचला निघायचं होतं. शिवाय मजुरीचे साठ रुपये वाचवायचे होते. मॅग्नेट ओढून काढायचा पुलर त्याच्याकडूनच उसना आणला होता.

आता या वेळी पुलर लावून मॅग्नेट काढला, त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी हाफ मून चावी सांभाळून वाटीत ठेवली, कॉइल प्लेटवर स्क्रायबरने खूण करून ती उतरवली. खूण केली नाही तर ठिणगीचं टायमिंग हलतं, हे मला तेव्हाही माहीत होतं, तेव्हाही केली होती, जुनी रेघ अजून आहे. म्हणजे जे माहीत होतं ते केलं होतं. पुढे जे माहीत नव्हतं ते आलं. सीलच्या अंगावर तीन खळगे. प्रत्येक खळग्याचा उजवा कोपरा कापल्यासारखा.

दिल्या, बाबांचा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. टोकाचा एक कोपरा उडालेला. अजून ड्रॉवरमध्ये आहे. मी तो आणून त्या खळग्यात टेकवला. बसला.

सईने त्या सीलला बारीक भोक पाडलं, त्यात पत्र्याचा स्क्रू फिरवला आणि पकडीने ओढून काढलं. मागे बेअरिंग आहे, कीस आत जाऊ द्यायचा नाही म्हणून भोकापाशी ग्रीस लावलेलं. माझ्यापेक्षा हात स्थिर आहे पोरीचा. सील बाहेर आलं, तिने उजेडात धरलं आणि म्हणाली, ‘बाबा, हे कुणी बसवलंय? ओठ आत दुमडलाय.’

खरंच दुमडला होता, शाफ्टला घट्ट धरणारा तो आतला रबरी काठ. एका बाजूला, नखभर. कोरडंच ठोकलं होतं मी, ग्रीस नाही, ऑइलचा थेंब नाही, एका कडेला आधी, मग दुसऱ्या कडेला, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी. ओठ शाफ्टवर न चढता उलटा वळला आणि तसाच तीस वर्षं कडक होऊन बसला.

मी तिला सांगितलं, ‘एक मेकॅनिक होता.’

बघ म्हणजे. बावन्न वर्षांचा घोडा.

तुला टू-स्ट्रोक शिकवण्याइतका मी वेडा नाही, पण मलाच ते आता कळल्यासारखं वाटतंय, म्हणून लिहू दे. पिस्टन वर जातो तेव्हा खालची क्रँककेस ओढून घेते, खाली येतो तेव्हा दाबून वर पाठवते. खालची ती पोकळी म्हणजे पंपच. सीलने ओढही धरायची आणि दाबही. आपलं सील ओढताना बाहेरची हवा घेत होतं. कार्बोरेटर हिशोबाने पेट्रोल देतोय आणि मागल्या दाराने फुकटची हवा येतेय. मिश्रण पातळ, इंजिन तापलेलं. आणि आपला गाडीतल्या ऑइल पंपावर विश्वास नव्हता, तो बंद करून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचो, म्हणजे जेवढं पेट्रोल कमी तेवढं ऑइलही कमी. तू लिटरला तीस मिली टाकलंस, बरोब्बर टाकलंस. ते पोचलंच नाही पिस्टनपर्यंत.

दाणोली सोडून घाट चढताना, तिसऱ्यावर फुल रेस, तू पुढे, मी मागे, चवथं की पाचवं वळण, आणि मागचं चाक एकदम जाम. तू क्लच दाबलास म्हणून आपण दोघे आहोत. यावर मी तुला कधी एक शब्द बोललो नाही, बोललो ते ऑइलवर. तू तिथल्या तिथे प्लग काढून हातावर ठेवला होतास आणि म्हणाला होतास, पांढराफटक आहे बघ. पातळ मिश्रणाची खूण तुझ्या तळहातावर होती आणि मी तुझ्यावर ओरडत होतो. टेम्पोत गाडी टाकून आजऱ्यापर्यंत आलो, तू माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प आहे.

मग तू पहिल्या पगारातून बोअरचे आणि ओव्हरसाइज पिस्टनचे साडेअकराशे भरलेस आणि बडोद्याला जाताना म्हणालास, गाडी तूच ठेव. मी ठेवली. निम्मी तुझी होती, आठ हजार दोनशे पन्नास रुपये, मला आकडा पाठ आहे. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

हे सगळं त्या रबराच्या चकतीत निघालं. ती खिशात घेऊन मी दोन दिवस बँकेत बसलो. बायको म्हणाली, तोंड का पडलंय, मी म्हटलं सील गेलंय. ती म्हणाली, कुणाचं?

दुरुस्तीचं सांगतो, ते तुला जास्त आवडेल. दुकानात दोन प्रकार दाखवले, साधं काळं नायट्राइलचं आणि तपकिरी व्हायटॉनचं, तिप्पट भावाचं. आता पंपावर सगळीकडे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून तपकिरी घेतलं. क्रँकच्या शाफ्टवर जुन्या ओठाने गोल चर पाडलाय, नख फिरवलं की अडतं. माझा जीव खालीवर, क्रँक बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन फोडायचं. लेथवाला म्हणाला, घाबरू नका, नवीन सील मिलिमीटरभर बाहेर बसवा, ओठ कोऱ्या जागेवर येईल. तसंच केलं. चावीच्या खाचेवर टेप गुंडाळली, ओठाला ग्रीस, स्प्रिंगची बाजू आत, आणि बरोबर मापाचा सॉकेट ठेवून सगळीकडून सारखं दाबत दाबत बसवलं. सईने. मला तिने हातोडी दिली नाही.

पुन्हा आईचं मशीन. अडीचशेवरून पाच मिनिटांत दोनशे चाळीस. लेथवाला म्हणाला, पास.

पण संपलं नाही. उजवीकडचं सील राहिलंय, क्लच उतरवल्याशिवाय ते दिसत नाही. सुरू केली तेव्हा धूर पांढरा आणि गिअर ऑइलचा वास येत होता, पातळीही थोडी उतरलीय, म्हणजे दाब धरत असलं तरी तेही गिअर ऑइल आत ओढतंय. ते मी सईला उघडू दिलेलं नाही. म्हटलं, थांब, एका माणसाला विचारायचंय.

विचारायचंय काय, तर ते तू बसव. मला माहीत आहे, बदली, ओमची बारावी, तुझी नवी सोसायटी, पार्किंगचं भांडण, सगळं ऐकलंय सुन्याकडून. ओमला म्हणावं बारावी होते, मी दोनदा दिली. बदलीचं काय ठरलं ते लिही. पण मार्चआधी एक शनिवार-रविवार काढ. सईला खरं काय ते मी तुझ्या समोर सांगेन, आधी एकट्याने सांगायचं धाडस नाही. आरसी बुकात तुझं नाव घालता येतं का तेही आरटीओत विचारून आलोय. खिडकीवरचा म्हणाला, तीस वर्षांनी आठवण झाली का?

रागावला असशील तर रागाव. पण येऊन रागाव.

विज्या

ता. क. येताना डाव्या हाताचा पाना क्रमांक 14 घेऊन ये. माझा तूच नेलायस, 1997 मध्ये. ते मात्र माझ्यावर ढकलू नकोस.