ओळखपत्र मागून भांडणे थांबणार नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवर अनोळखी लोकांशी होणाऱ्या वादांबद्दल आपल्या पत्रस्तंभात गेले काही दिवस बरेच छापून आले. बहुतेकांचा सूर एकच. लोक नाव लपवून बोलतात म्हणून शिवीगाळ करतात. ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणाला लिहूच देऊ नये, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ येतील. ऐकायला मागणी रास्त आहे. मला ती साफ चुकीची वाटते, आणि मी स्वतः टोपणनावानेच रोज वाद घालत असल्यामुळे गप्प बसणे जमणारे नाही.

माझे वाद निवडणुकांवर होतात, युद्धांवर होतात, अणुऊर्जेवर आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर तर फारच होतात. समोरचा कोण, कुठला, काय वयाचा, काही पत्ता नसतो. मला त्याचेच अप्रूप आहे. ओळखीच्या माणसाशी राजकारण बोलायचे म्हटले की आधी नात्यांचा हिशेब मांडावा लागतो: हे यांच्यापुढे बोलावे का, उद्या याच्याकडे काही काम पडले तर, मुलीच्या सासरी कळले तर. अनोळखी माणसापाशी हा हिशेब संपतो आणि निव्वळ मुद्द्यावर बोलता येते. येत नाही अनेकदा, ते का, त्याकडे येतेच.

आधी टोपणनावाचे. १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे छापून येत होती, ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. स्वतःच्याच जातीच्या पोकळ कर्मकांडावर आणि आळसावर इतके कडक लिहिणारा माणूस संपादकाने नावानिशीच छापायचे ठरवले असते, तर ती शतपत्रे शंभराच्या वर गेली असती का? मराठी वर्तमानपत्रातल्या पत्रव्यवहाराच्या मुळाशीच एक टोपणनाव बसलेले आहे, हे आपल्या पत्रलेखकांनी विसरू नये. मीही सरकारी नोकरीतच होते. सेवेत असताना वर्तणुकीचे नियम आडवे यायचे म्हणून दुसरे नाव घेतले, निवृत्तीनंतर सवयीने राहिले.

‘पण करून तरी पाहू’ असे म्हणणाऱ्यांना सांगते, करून पाहिलेले आहे. दक्षिण कोरियाने २००७ साली कायदाच केला. रोज तीन लाखांहून जास्त लोक येतात अशा संकेतस्थळांवर प्रतिक्रिया द्यायची तर आधी नागरिक क्रमांकाने ओळख पटवायची. २००९ मध्ये ती मर्यादा एक लाखावर आणली. यूट्यूबने त्या देशापुरती चित्रफिती चढवण्याची आणि प्रतिक्रियांची सोयच बंद केली, पण ओळख तपासायला नकार दिला. २०११ च्या जुलैत तिथल्या दोन मोठ्या संकेतस्थळांवर दरोडा पडला आणि साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्या पाच कोटी! २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. बेकायदा मजकूर म्हणावा तसा घटलेला नाही, लोक मात्र परदेशी संकेतस्थळांवर निघून गेले, हेही निकालात आले. ‘नाव व पत्ता संपादकांकडे’ ही आपली जुनी पद्धत चांगली आहे, कारण ती चार पत्रे आपल्या टेबलाच्या खणात राहतात. कोट्यवधी लोकांचे खण एकाच खोलीत ठेवले की चोराला एकच कुलूप फोडावे लागते.

शिव्या आणि निनावीपण यांचे नातेही वाटते तेवढे घट्ट नाही. २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मनीतल्या ऑनलाइन याचिकांवर आलेल्या पाच लाखांहून अधिक प्रतिक्रिया अभ्यासकांनी तपासल्या होत्या. निष्कर्ष उलटाच निघाला: खऱ्या नावाने लिहिणारेच जास्त आक्रमक होते. मला नवल वाटले नाही. ज्याला आपण धर्मयुद्धच लढतो आहोत असे वाटते, त्याला नाव लपवायचे कारण काय? तो तर छायाचित्रासह शिव्या देतो, खाली स्वतःचे पदही लिहितो.

मग बिघडते कुठे? माझी नोकरी न्यायालयात लघुलेखकाची होती. लोकांना वाटते आम्ही वकिलांचे सगळे युक्तिवाद उतरवून घेतो. तसे नसते. साक्षीच्या वेळी न्यायाधीश सांगतील ते लिहायचे. उलटतपासणीत वकील साक्षीदारावर कितीही कडाडला, तरी कागदावर उतरते ते एवढेच: ‘हे म्हणणे खरे नाही की मी आज खोटी साक्ष देत आहे.’ युक्तिवादाच्या वेळी तर आमची पेन्सिल रिकामीच असायची, त्यामुळे कान मोकळे असायचे. एखादे प्रकरण गाजलेले असले आणि मागची बाके भरलेली असली, की तोच वकील, तोच मुद्दा, पण आवाज वेगळा. मान न्यायाधीशांकडे, वाक्य मात्र मागच्या बाकांसाठी. जाणते न्यायाधीश शांतपणे म्हणत, ‘वकीलसाहेब, हे कोर्टाला सांगताय ना?’ आणि आवाज खाली यायचा. तेच दोन वकील न्यायाधीशांच्या दालनात, दार लावून, ‘माझे मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे’ असे एकमेकांबद्दल बोलताना मी ऐकले आहेत. नाव दोन्हीकडे तेच, अंगात कोटही तोच. फरक फक्त बाकांचा.

समाजमाध्यमावर ही बाके कायम भरलेली असतात, आणि वर टाळ्या मोजायचे यंत्र बसवलेले असते. फेसबुकने पसंतीचे बटण आणले २००९ मध्ये, आणि ट्विटरने दुसऱ्याचे म्हणणे एका दाबात पुढे ढकलायचे बटण आणले तेही त्याच वर्षी. तोपर्यंत दुसऱ्याचे वाक्य पुढे पाठवायचे तर ते उचलून, चिकटवून, नाव घालून पाठवावे लागे. तेवढ्या खटपटीत निम्म्यांचा राग निवत असावा, असा माझा अंदाज. आता मी एखाद्याला उत्तर लिहिते ते त्याच्यासाठी नसतेच. तोही मला लिहीत नाही. आम्ही दोघे बाकांसाठी लिहितो. पुन्हा कोर्टात निदान एका वेळी एकानेच बोलायचे असते. इथे माझ्या पहिल्या वाक्याला चौदा जण चौदा दिशांनी उत्तर देतात, आणि मी त्यातले सर्वांत मूर्ख उत्तर निवडून त्याचा फडशा पाडते, कारण टाळ्या तिथेच असतात.

एक प्रसंग सांगते. वाद अणुवीज हवी की नको यावर होता. एका गृहस्थांनी ठोकून दिले की फुकुशिमाच्या अणुभट्टीने अठरा हजार माणसे मारली. मी लिहिले की २०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसे गेली ती भूकंपाने आणि त्सुनामीने. किरणोत्सर्गाने झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारने २०१८ मध्ये एक मान्य केला, तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या कामगाराचा. झाले! मी अणुकंपन्यांची पगारी हस्तक ठरले. माझे वय, माझी अक्कल, माझ्या पिढीने देशाचे केलेले वाटोळे, सगळे निघाले. त्यांच्या वाक्यांना पसंतीचे अंगठे भराभर पडत होते, माझ्या आकड्यांना मोजके.

मी त्यांना खासगी संदेश पाठवला. ‘अठरा हजार कुठे वाचलेत ते पाठवाल का? मला खरेच पाहायचे आहे.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आले, आणि त्यात ‘आपण’ होते! बातमी पाठवली होती. तिच्यात आकडा त्सुनामीचाच होता, हे त्यांनी आपणहून कबूल केले. पण पुढे एक प्रश्न टाकला. भट्टीमुळे दीड लाखांवर माणसे घरे सोडून हलवली, त्यांत रुग्णालयातली आणि वृद्धाश्रमातली म्हातारी माणसे होती. त्या धावपळीने, हालअपेष्टांनी गेलेले दोन हजारांहून अधिक जण फुकुशिमा प्रांताने आपत्तीशी संबंधित मृत्यू म्हणून नोंदवले आहेत. ते आपण कुणाच्या खात्यावर मांडणार? प्रश्न बिनतोड होता. किरणोत्सर्गाने नव्हे, पण भट्टी तिथे नसती तर त्यातले बरेच जण हललेच नसते. अणुविजेबद्दलचे माझे मत तेच राहिले आणि त्यांचेही. तरी अपघाताची किंमत काढताना लोकांना हलवण्याची किंमत धरायला मी त्या बाईकडून शिकले. (हो, बाई होत्या. तोवर मी गृहस्थच समजत होते.) खरी नावे एकमेकींना अजून ठाऊक नाहीत, आणि विचारायची गरजही पडलेली नाही.

टोपणनावाने सुद्धा मते बदलतात याचा भला पुरावा रेडिट या संकेतस्थळावर आहे. ‘माझे मत बदला’ असे आव्हान देऊन तिथे २०१३ पासून लोक आपली मते मांडतात, आणि ज्याच्या मुद्द्याने मत हलले त्याला ‘डेल्टा’ नावाची खूण देतात. त्यावर २०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केले. त्यातली एक गोष्ट मी पाठ करून ठेवली आहे: थोडी देवाणघेवाण झाली तर मत बदलायची आशा असते, पण त्याच दोघांत पाच फेऱ्या झाल्या की ती जवळजवळ संपते. त्यापुढे जे चालते ते बाकांसाठी.

आता माझ्या म्हणण्यातली दुबळी बाजू, ती कुणी दाखवायच्या आत मीच मांडते. याच व्यासपीठावर २०२५ च्या एप्रिलमध्ये एक प्रकरण उघडकीला आले. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी काही महिने तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने लिहिलेल्या हजाराहून अधिक प्रतिक्रिया माणसांच्या म्हणून सोडल्या होत्या. यंत्र कधी बलात्कारातून वाचलेला पुरुष झाले, कधी अत्याचारपीडितांचा समुपदेशक. समोरचे लोक मनापासून उत्तरे देत होते. बोभाटा झाल्यावर निष्कर्ष प्रसिद्ध करायचे नाहीत असे ठरले. उद्या अणुविजेवर माझ्याशी नम्रपणे बोलणाऱ्या बाई बाईच नसतील, तर? हा प्रश्न मला खरोखर सतावतो, आणि ओळखपत्रवाल्यांचा हा एकच मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. पण त्याला उत्तर म्हणून ‘समोर माणूस आहे’ एवढी हमी पुरते. ‘अमुक नावाचा, अमुक पत्त्यावरचा माणूस आहे’ हे कळायची मला गरज नाही, आणि कंपनीला तर मुळीच नाही. यंत्राला यंत्र म्हणून पाटी लावायची सक्ती करा, लपवणाऱ्याला दंड करा. मी सही करायला तयार आहे.

आणि कंपन्यांकडे काही मागायचेच असेल तर ते मोजयंत्र झाकायला सांगा. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये पसंतीचा आकडा लपवायची सोय दिली, म्हणजे ते करता येते हे उघड आहे. पण ती ऐच्छिक ठेवली, आणि टाळ्यांचा आवाज आपण होऊन कोण बंद करतो? वाद तापलेला असताना पहिले चोवीस तास आकडे कुणालाच दिसू नयेत, असा नियम करून पाहावा. ओळखपत्रापेक्षा तो स्वस्त आहे, आणि त्यात चोरीला जाण्यासारखे काही नाही.

कळावे.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)