उपग्रह असताना गवत कशाला कापता?

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, एवढे उपग्रह असताना कुरणातला चारा मोजायला उन्हात बसून गवत कशाला कापता. तेवढ्यात आईने फोन घेतला आणि गाडी माझ्या जेवणावर घसरली. म्हणून लिहूनच कळवते.

इथलं माळरान बघून तुम्ही त्याला कुरण म्हणणार नाही. घोट्याएवढं गवत, मध्ये मध्ये उघडी माती. वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला होता. इथे तेवढ्याला पावणेतीन वर्षं लागतील. आणि एप्रिल ते जूनमध्ये त्यातला किती पडतो, त्यावर वर्षाचा बराचसा चारा ठरतो.

आता उपग्रह. तो गवत मोजत नाही, हिरवेपणा मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. दोन्हींच्या फरकावरून एक आकडा निघतो. गाय काय खाते याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. गुरं तोंड लावत नाहीत अशी झुडपंही त्याला हिरवीच. चीटग्रास नावाचं बाहेरून आलेलं गवत तर सगळ्यांआधी हिरवंगार होतं आणि उन्हाळा लागताच त्याची नुसती कुसळं उरतात. म्हणून आम्ही जमिनीवर चौकट टाकतो, आतलं गवत जातवार कापतो, भट्टीत सुकवून वजन करतो आणि उपग्रहाच्या आकड्याशी ताडून बघतो.

एवढ्यानेही भागत नाही. चारा भरपूर, पण वाळून निकस झालेला, असंही होतं. मग शेणाचे नमुने घ्यायचे. ते वाळवून, दळून त्यांवर अवरक्त प्रकाश टाकला की जनावराने खाल्लेल्या चाऱ्यात प्रथिनं किती होती याचा अंदाज येतो. आईला सांगा, पोर अमेरिकेत जाऊन शेण गोळा करते, गोवऱ्या तेवढ्या थापत नाही.

यंदा चारा किती येईल, या अंदाजाचं काम ‘ग्रास-कास्ट’ नावाची पद्धत करते. इथल्या कृषी खात्याने विद्यापीठांबरोबर ती २०१८ मध्ये सुरू केली. तीस वर्षांहून जास्त काळाचा पाऊस आणि हिरवेपणा जुळवून ती तीन नकाशे देते: पुढे पाऊस जास्त झाला तर, नेहमीएवढा झाला तर, कमी झाला तर. एप्रिलमध्ये तिन्ही तीन तऱ्हांचे दिसतात. दर दोन आठवड्यांनी नवे येतात, आणि पडायचा तो पाऊस पडत जातो तसे ते एकमेकांजवळ सरकतात. पण नकाशातला एक चौकोन साधारण दहा किलोमीटरचा. कुणाच्या पूर्वेच्या कुरणावर सर आली आणि पश्चिमेचं कोरडं राहिलं, हे त्यात दिसत नाही. ते मालकालाच फिरून बघावं लागतं.

माझ्या मते नकाशापेक्षा तारीख महत्त्वाची. अमुक दिवसापर्यंत पाऊस झाला नाही तर इतकी जनावरं विकायची, हे शहाणा गुरंवाला आधीच ठरवून ठेवतो. ऑगस्टपर्यंत थांबलं तर सगळेच बाजारात येतात, भाव पडतो, आणि तोवर गवत मुळापर्यंत खरडलेलं असतं. केनियात मार्साबिटला २०१० पासून जनावरांचा विमाही उपग्रहाच्या याच आकड्यावर बेतलाय.

आपल्याकडे २०१९ ला बीड-नगरच्या चारा छावण्या टीव्हीवर पाहिल्या होत्या ना? छावणी उघडते ती वैरण संपल्यावर. पिकांची पैसेवारी निघते, गायरानाची कोण काढतो?

एक काम करा. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. पनवेलकडे गेलात आणि भेटले तर विचारा, निघायचं कशावरून ठरवतात. गवत संपल्यावर, की संपणार असं दिसल्यावर? आणि कोण ठरवतं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तुमच्या नको.

आजीला नमस्कार.

तुमची,
धाकटी