महिला महाविद्यालयांचे श्रेय त्यांना मिळावे

महोदय,

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला खेळांविषयी लिहिताना ‘२३ जून १९७२ रोजी टायटल नाइन हा कायदा झाला आणि मुली मैदानात उतरल्या’ अशी मांडणी वारंवार केली जाते. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या या कायद्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु मुली त्याआधी शंभर वर्षे खेळत होत्या आणि त्यांना मैदान मिळाले ते मुख्यतः महिला महाविद्यालयांत, हे नजरेआड होऊ नये म्हणून हे पत्र.

व्हासार या महिला महाविद्यालयात १८६६ मध्येच मुलींचे बेसबॉल संघ होते. पुढे १८७३ मध्ये डॉ. एडवर्ड क्लार्क यांचे, उच्च शिक्षणाच्या ताणामुळे मुलींच्या प्रजननक्षमतेला धोका पोहोचतो असे प्रतिपादन करणारे पुस्तक गाजले. तेव्हा आपल्या विद्यार्थिनी पदवी घेऊनही धडधाकट राहतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी या संस्थांवर येऊन पडली, आणि व्यायाम हा शिक्षणाचा आवश्यक भाग ठरला. म्हणजे खेळाला आधी मान्यता मिळाली ती औषध म्हणून. त्यातला आनंद मुलींनी स्वतःच शोधून काढला.

डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा शोध लावला, आणि तेथून जवळच असलेल्या स्मिथ या महिला महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका सेन्डा बेरेन्सन यांनी तो लगेच मुलींना शिकवला. २२ मार्च १८९३ रोजी पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींमध्ये सामना झाला, तेव्हा पुरुषांना प्रवेश नव्हता. सुरुवातीलाच चेंडू उडवताना बेरेन्सन यांच्या हाताचा धक्का लागून एका खेळाडूचा खांदा निखळला. तिला बाजूला नेऊन खेळ पुढे सुरू झाला. नाजूकपणाच्या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते असणार?

अर्थात, याच बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग करून खेळाडूंना आपापल्या भागातच राहण्याचे बंधन घातले आणि दुसरीच्या हातून चेंडू हिसकावण्यास मनाई केली. चुरशीची स्पर्धा मुलींना शोभत नाही, ही भूमिका पुढे कित्येक दशके शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिकांनीच जोपासली. दार उघडणाऱ्यांनीच उंबरठ्यावर रेघ ओढली, हेही नोंदवलेच पाहिजे.

ती रेघ पुसली जात असतानाची एक घटना मला फार बोलकी वाटते. पेन्सिल्व्हेनियातील इमॅक्युलाटा हे कॅथलिक जोगिणींनी चालवलेले छोटे महिला महाविद्यालय. मार्च १९७२ मध्ये इलिनॉयमधील राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेसाठी विमानभाड्याचे पैसे जेमतेम जमले, म्हणून केवळ आठ खेळाडू गेल्या. आदल्याच आठवड्यात ज्या वेस्ट चेस्टर महाविद्यालयाच्या संघाकडून ३२ गुणांनी सपाटून मार खाल्ला होता, त्याच संघाला अंतिम सामन्यात ५२-४८ असे हरवून त्या विजेत्या ठरल्या. जाड लोकरी झग्यांत खेळणाऱ्या या संघाला प्रोत्साहन देण्यासाठी प्रेक्षकांत बसलेल्या जोगिणी बादल्या बडवीत. प्रशिक्षिका कॅथी रश यांच्या या संघाने १९७३ आणि १९७४ मध्येही विजेतेपद राखले.

त्यानंतर मोठ्या विद्यापीठांनी कायद्यामुळे मुलींच्या खेळांवर पैसा खर्च करण्यास सुरुवात केली, शिष्यवृत्त्या देऊ केल्या आणि छोटी महिला महाविद्यालये स्पर्धेत मागे पडली. १९८१-८२ पासून एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या, मूळच्या पुरुषप्रधान राष्ट्रीय संघटनेने महिलांच्या स्पर्धा भरवण्यास आरंभ केला, आणि तोवर महाविद्यालयीन महिला स्पर्धा भरवणारी, महिलांनी चालवलेली एआयएडब्ल्यू ही संघटना लवकरच बंद पडली. खेळाडूंची संख्या वाढली, पण प्रशिक्षकपदे पुरुषांकडे गेली: १९७२ पूर्वी महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या, आज निम्म्याही नाहीत. इमॅक्युलाटानेही २००५ मध्ये मुलांना प्रवेश दिला.

तेव्हा यापुढे आपल्या क्रीडा पानावर १९७२ चा उल्लेख होईल, त्या वेळी जूनमधल्या कायद्याबरोबर मार्चमधल्या त्या आठ मुलींनाही एखादी ओळ मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका