आधी एक फेरी नुसती बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्रकाशोत्सवाचे तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. तुझा प्रश्न अगदी नेमका आहे: डोळ्यांना गर्द जांभळी दिसलेली कमान फोटोत पांढरट का आली?

त्या फोटोत शटर ८ सेकंद उघडं होतं. तेवढ्या वेळात कमान लाल झाली, निळी झाली, हिरवी झाली. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर हे सगळं एकावर एक साठवत जातो. प्रकाशाचे रंग मिसळले की उजळतात: लाल आणि हिरवा मिळून पिवळा, त्यात निळा आला की पांढरा. म्हणजे त्या कमानीवर कधीच नसलेला रंग तुझ्या शटरने तयार केला. इमारतीचा फोटो काढताना शटर म्हणजे निव्वळ उजेडाचं माप असतं. प्रकाशकलेत, म्हणजे दिव्यांनीच घडवलेल्या कलाकृतीत, मात्र त्या कृतीचा किती काळ चौकटीत घ्यायचा, हे शटर ठरवतं. म्हणून जागेवर पोचल्यावर पहिली फेरी कॅमेरा बंद ठेवून नुसती बघ. दिव्यांच्या बहुतेक मांडण्या एका लूपमध्ये, म्हणजे ठरलेल्या चक्रात, फिरतात. एक रंग किती सेकंद टिकतो ते मनात मोज. तो ३ सेकंद टिकत असेल तर शटर १ सेकंदाच्या आत ठेव आणि रंग पूर्ण भरल्यावरच दाब, बदलताना नको. दुसऱ्या फेरीला आपला क्षण कधी येणार, हे तुला आधीच माहीत असेल.

याच कारणासाठी इथे ब्रॅकेटिंगचा (एकच दृश्य कमी-जास्त उजेडात टिपून नंतर जोडण्याचा) उपयोग नाही. २-२ स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फ्रेम घेतल्यास, तर त्या तीन वेगळ्या क्षणांच्या, तीन वेगळ्या रंगांच्या असतील. त्या जोडल्या की चिखल होतो. स्थिर रोषणाईला ब्रॅकेटिंग चालतं.

रंग उडण्याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. एलईडीचा निळा किंवा लाल जवळजवळ शुद्ध असतो, म्हणजे उजेड लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलपैकी एकाच चॅनेलमध्ये ओतला जातो. साधा पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) तेव्हा मधोमध दिसतो, सगळं ठीक वाटतं आणि निळा चॅनेल कधीच आलेखाच्या उजव्या कडेला टेकलेला असतो. त्यातला तपशील गेला की परत येत नाही. दिव्याच्या जागी निळा सपाट डाग उरतो. त्यामुळे तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम चालू कर आणि सर्वांत उजव्या चॅनेलकडे बघून एक्स्पोजर ठरव. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर काळोखालाही मध्यम करडा करू पाहतो, त्यामुळे -१ ते -२ स्टॉपची एक्स्पोजर-भरपाई इथे नेहमीची. कॅमेऱ्याचा पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेव, कारण हिस्टोग्राम त्या प्रोफाइलवरून बनतो आणि भडक प्रोफाइलमध्ये तो आणखी खोटं बोलतो. स्क्रीनचा उजेडही कमी कर. अंधारात झगझगीत स्क्रीनवर प्रत्येक फोटो पुरेसा उजळ वाटतो आणि संगणकावर उघडल्यावर काळा निघतो.

रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच, काढ. व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) ऑटोवर नको, कारण रंग बदलला की तो प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज बांधतो आणि वीस फोटोंची मालिका वीस तऱ्हांची होते. ३८०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या छटेचं माप) आसपास एक आकडा पक्का कर. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो, पण सगळ्या फोटोंना एकदम बदलता येणं महत्त्वाचं.

आता तुझ्या काही फोटोंत आलेल्या काळ्या आडव्या पट्ट्यांचं. तू कॅमेरा बिघडल्याची शंका घेतलीस, पण दोष सायलेंट मोडचा आहे. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. ते सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि साध्या सेन्सरला वरून खालपर्यंत यायला १/३० ते १/१५ सेकंद लागतो. एलईडी मात्र सेकंदाला शेकडो वेळा, काही तर हजारो वेळा चालू-बंद होतात, कारण त्यांची तीव्रता तशीच कमी-जास्त केली जाते. बंद क्षणी वाचलेल्या ओळी काळ्या येतात. मंद केलेला एलईडी जास्त त्रास देतो, कारण त्याचा बंद काळ मोठा असतो. उपाय: मेकॅनिकल शटर, आणि वेग १/६० किंवा त्याहून संथ. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे जुनी नळी किंवा सोडियम दिवा सेकंदाला १०० वेळा धडधडतो. १/५० किंवा १/१०० घेतलंस तर पूर्ण ठोके पकडले जातात. ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२५. कॅमेऱ्यातली नेहमीची अँटी-फ्लिकर सोय याच १००-१२० च्या लयीसाठी असते; एलईडीच्या वेगवान लुकलुकीला ती पुरत नाही.

प्रोजेक्शन मॅपिंगची, म्हणजे इमारतीच्या आकारावर बसवून फेकलेल्या चित्रांची, गोष्ट जवळपास अशीच. एका चिपचा डीएलपी (सूक्ष्म आरशांचा) प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक फेकतो, जोडणी आपला डोळा करतो. १/५०० ला कॅमेरा ती जोडणी होऊ देत नाही आणि भिंतीवर रंगांचे तुकडे येतात. १/६० किंवा १/३० पासून सुरू कर. मोठ्या इमारतीवरच्या प्रोजेक्शनला १/३०, एफ/४ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता) हा चांगला पहिला अंदाज; तिथून वरखाली जा. कॅमेरा वर वाकवलास तर इमारत मागे पडल्यासारखी दिसते, आणि जे चित्र वास्तूच्या रेषांवर तंतोतंत बसवलं आहे त्याची सगळी गंमत जाते. मागे सरक, लांब लेन्स लाव, कॅमेरा समपातळीत ठेव.

नळ्यांच्या कामात वेगळा विचार लागतो. अमेरिकन कलाकार डॅन फ्लेव्हिनने १९६३ पासून बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्लुरोसंट नळ्या घेऊन काम केलं, आणि त्यात भिंतीवर सांडलेला रंग नळीइतकाच महत्त्वाचा आहे. नुसती नळी सांभाळलीस तर भिंत काळी पडते आणि अर्धी कृती चौकटीबाहेर जाते. अशा वेळी नळीचा मधला पट्टा थोडा पांढरा जाऊ दे. प्रकाशकलाकार जेम्स टरेलच्या, एकसारख्या रंगाने भरलेल्या गान्झफेल्ड खोल्यांत कडाच शिल्लक नसते, त्यामुळे ऑटोफोकस पुढेमागे भटकत राहतो. दाराच्या चौकटीवर फोकस करून मॅन्युअलला टाक. पण अशा ठिकाणी फोटोला अनेकदा मनाई असते, आधी विचार. आरशांच्या खोलीत काळे कपडे घाल आणि ऑटोफोकसचा मदतदिवा बंद कर, नाहीतर त्याचा ठिपका शंभर ठिकाणी उमटेल.

वेळ सांगतो. पूर्ण काळोखापेक्षा सूर्यास्तानंतरची साधारण २० ते ४० मिनिटं मला फार मोलाची वाटतात. आकाश गडद निळं असतं, इमारतीची कड दिसते आणि दिवे पांढरे फटक दिसत नाहीत. हे उत्सव बहुधा लवकर अंधार पडणाऱ्या दिवसांत असतात: फ्रान्समधल्या लिऑनचा ८ डिसेंबरच्या आसपास, सिडनीचा ‘विविड’ नावाचा मे-जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या तोंडाशी. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेव.

आता नाचणारी, फिरणारी माणसं. इथे ट्रायपॉड विसर. गर्दीत त्याचे पाय इतरांच्या पायात येतात आणि बऱ्याच ठिकाणी तो चालत नाही. ३५ मिमी, एफ/१.८ असलेली लेन्स पुरे. नाच गोठवायचा तर किमान १/२५०, आणि त्यासाठी आयएसओ ६४०० लागला तर बिनधास्त लाव. नॉइज (फोटोतले दाणे) सहन होतो, हललेला चेहरा नाही. मात्र कमी आयएसओवर काळा काढून नंतर अंधारे भाग उजळलेस, तर तोच नॉइज जास्त ओंगळ होऊन येतो. गर्दीचा प्रवाह दाखवायचा असेल तर कठड्यावर कॅमेरा टेकव, २ सेकंदांचा टायमर लाव आणि १/४ ते १/२ सेकंद घे: चालणारे विरघळतात, थांबून बघणारे स्पष्ट राहतात. शटर १० सेकंदांपुढे गेलं की चालणारे नाहीसेच होतात. मला स्वतःला काळ्या आकृत्या आवडतात, कारण त्यांनी मांडणीचा आकार कळतो आणि कुणाची ओळखही उघड होत नाही. चेहरा घ्यायचा तर विचारून घे, लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांना. फ्लॅश मांडणीसमोर कधीही नको. तो कृती पुसतो आणि शेजारच्यांचे अंधाराला सरावलेले डोळेही बिघडवतो.

लेझर शोमध्ये किरण थेट लेन्समध्ये येऊ देऊ नकोस. सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका उमटू शकतो. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) कॅमेरा चालू असताना सेन्सर सतत उघडाच असतो, तेव्हा मधल्या वेळात झाकण लाव. आणि लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेव. तुझ्या फोटोत आकाशात तरंगणारे जे हिरवे ठिपके आहेत, ते खालच्याच दिव्यांची उलटी प्रतिबिंबं आहेत, फिल्टर आणि सेन्सर यांच्यातल्या परावर्तनाची.

फोनवर काढणार असशील तर बदलत्या रंगांसमोर नाइट मोड बंद कर, तो अनेक फ्रेम जोडतो आणि पुन्हा तीच मिसळ होते. दिव्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक कर आणि खाली ओढ.

फोटो टाकताना कलाकाराचं नाव लिही. विकायचा किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर परवानगी लागू शकते. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो मोकळेपणी वापरता येतो, पण टॉवरची रात्रीची रोषणाई स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि व्यावसायिक वापरासाठी तिची परवानगी घ्यावी लागते.

थंडीतून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद कर आणि तासभर उघडू नकोस, म्हणजे ओल पिशवीवर जमेल, लेन्सवर नाही. कार्ड आधीच काढून ठेव, तेवढ्यात फाइल्स उतरवता येतील. त्या कमानीची रॉ फाइल मला न सुधारता पाठव. निळ्या चॅनेलमध्ये काही उरलं आहे का ते बघून कळवतो.

तुझा मित्र